आतून मऊ नसलेली बाई

मॅडमच्या निरोपाच्या कार्यक्रमात आमचे संचालक भाषणात म्हणाले, "मैडम तो नारियल हैं. ऊपर से सख़्त, अंदर से मुलायम." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हार त्यांनी गळ्यात घालू दिला नव्हता, मांडीवर ठेवला होता. चार शब्द बोला म्हटल्यावर त्या जागेवरूनच म्हणाल्या, "मैं अंदर से भी सख़्त हूँ." सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना तो विनोद वाटला.

मला त्या नारळाचा अजून राग येतो. ज्यांनी त्यांना घालवलं, त्यांनीच जाताना त्यांच्या हातात हा नारळ दिला. माणूस खरोखर चिडलेला होता आणि त्याचं कारण आपण होतो, हे मान्य करायचं नसलं की आपण म्हणतो, तसा मनानं फार चांगला हो. मी मॅडमसोबत बरीच वर्षं काम केलं आहे. त्या आतूनही चिडलेल्याच होत्या आणि तेच त्यांचं मोल होतं.

आमची प्रयोगशाळा नंदिनी रोडला, वस्ती संपून शेतं लागतात तिथे होती. बाहेरच्या कंपन्या आपली औषधं, उपकरणं माणसांवर वापरण्याआधी आमच्याकडे जनावरांवर तपासून घेत. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. मी एक्स-रे आणि सीटीच्या मशीनवर टेक्निशियन. त्यांचे वडील नागपूरकडून रेल्वेत दुर्गला आलेले, माझेही तसेच. त्यामुळे त्या जगाशी हिंदीत भांडत आणि माझ्याशी मराठीत.

मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुले कुत्रा चावला आहे का कधी?"

मी नाही म्हटलं.

"मंग तू अजून जवळ गेलाच नाही," असं म्हणून त्या निघून गेल्या.

त्या खुर्चीवर बसत नसत. केबिनमधल्या खुर्चीवर नेहमी सलाइनच्या बाटल्यांचा खोका. जेवण उभ्यानं, खिडकीशी, म्हणजे समोरच्या केनलमधली कुत्री दिसली पाहिजेत. आणि त्यांची ती काचेची नळी. एखाद्या जनावराचं रक्त नीट गोठतं की नाही हे बघायला आमच्याकडे चांगलं मशीन होतं, पण मॅडम आधी जुन्या पद्धतीनं बघत. काचेच्या बारक्या नळीत रक्त घ्यायचं, ती मुठीत धरायची म्हणजे अंगाची ऊब मिळते, आणि मधूनमधून तिरपी करून पाहायची. रक्त हलेनासं झालं की गोठलं. हे करताना दुसरा हात मोकळा आणि तोंडही मोकळं, म्हणून कोणाला झापायचं असलं की त्या हाच वेळ वापरत. नळी मुठीत, समोर अपराधी उभा. रक्त गोठलं की त्याची सुटका. आम्ही मनातल्या मनात कुत्र्याच्या रक्ताला विनवत असू, गोठ बाबा लवकर.

शब्दांवरून त्या फार भांडत. प्रयोग संपल्यावर जनावराला मारावं लागलं, तर अहवालात इंग्रजीतून 'सॅक्रिफाइस', म्हणजे बळी दिला, असं लिहायची रीत आहे. मॅडम तो शब्द खोडून तिथे इंग्रजीत साधं 'मारला' असं लिहीत. संचालक म्हणाले, जगभर असंच लिहितात, आपण का बदलायचं? मॅडम म्हणाल्या, बळी देवाला देतात, इथे देव कोण आहे, तुम्ही? संचालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तो शब्द मात्र टाइप करताना गुपचूप परत घालायला लावत.

त्या अन्यायही करत. केनल झाडणाऱ्या बाईला एकदा इतकं बोलल्या की ती बिचारी नळाशी जाऊन रडली, आणि चूक तिची नव्हती. माझा जेवणाचा डबा मी एकदा रक्ताच्या फ्रीजमध्ये ठेवला, तर त्यांनी तो अंगणात भिरकावला. भाजी मातीत, पोळ्या कावळ्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी घरून डबा आणला असेल असं वाटत असेल, तर नाही. आणला नाही.

राहायला त्या सेक्टर ६ मध्ये, भावाच्या क्वार्टरमध्ये. भाऊ पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये होता. वहिनीनं एकदा अक्षयतृतीयेला हळदीकुंकू केलं, माझी आईही गेली होती. मॅडम कामावरून आल्या त्या तशाच, बाहीवर रक्त, अंगाला फिनाइलचा वास, आणि आल्या त्याच तणतणत. एका बाईंनी पन्हं घेता घेता म्हटलं, इतका राग येते, लग्न झालं नाही म्हणून असन. मॅडम म्हणाल्या, "नाही. कुत्र्याच्या वाटीत पाणी नव्हतं म्हणून."

आईनं हे घरी येऊन हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, कारण त्या दिवशी मी कामावर होतो आणि मे महिना होता. वाट्या खरंच कोरड्या होत्या, आणि पाणी भरायचं काम ज्याचं तो सुपेल्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायला गेला होता. मॅडमच्या रागाचं कारण लोक त्यांच्या आयुष्यात शोधत. ते नेहमी समोर पडलेलं असे, कोणीही वाकून बघावं.

भुऱ्या त्यांच्याकडे आला तो कानामुळे. सुपेल्याच्या चौकाजवळ टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिथला तो कुत्रा. गावठी, तांबूस रंगाचा, पायांनी लांब. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या गाडीनं त्याला उचललं आणि ऑपरेशनच्या आधी खूण म्हणून कानाचं टोक कापलं. ते रक्त थांबेना. गाडीवाले घाबरले आणि ऑपरेशन न करताच त्याला दुकानाशी सोडून पळाले. दुकानदारानं कानाला फडकं बांधलं, वर ट्यूबचा रबर बांधला, आणि त्याला मोपेडवर पुढ्यात घेऊन आमच्या फाटकाशी आला. "एकर लहू थमत नइ हे, मैडम," याचं रक्त थांबत नाही, एवढंच तो म्हणत होता. त्याचा शर्ट पोटापर्यंत भिजला होता.

मॅडमनी रक्त काढलं, नळी मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं नसबंदीवाल्यांच्या साहेबाला फोन लावला. मग जे सुरू झालं ते आम्ही सगळे दाराशी उभं राहून ऐकत होतो. कात्री कुठली, माणूस कुठला, रक्त थांबत नसताना सोडून कसे गेलात. साहेबानं फोन ठेवून दिला. मॅडमनी पुन्हा लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी त्यांचे शब्द संपले. त्यांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं इकडून तिकडे गेलं. त्यांनी परत तिरपी केली, परत तेच. आणि मॅडम गप्प झाल्या. त्यांना तसं गप्प झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

मशीननं नंतर सांगितलं ते असं. रक्त गोठायला शरीरात जे घटक लागतात त्यातला एक भुऱ्याच्या रक्तात जन्मापासून जवळजवळ नव्हताच. माणसांत हिमोफिलिया असतो, तोच. दुसऱ्या धडधाकट कुत्र्याच्या रक्तातला पिवळा द्रव, प्लाझ्मा, त्याला दिला की कानाचं रक्त थांबे. त्याचा असर ओसरला की पुन्हा वाहायला लागे. कान पूर्ण बरा होईपर्यंत भुऱ्या आमच्या केनलमध्ये राहिला, आणि मग राहूनच गेला. टायरवाला दर रविवारी येई, उकडलेली अंडी घेऊन. मॅडम त्यालाही रागावत, अंडी जास्त झाली म्हणून. तो हसे आणि पुढच्या रविवारी तेवढीच आणे.

त्याच सुमारास दुसरीच एक नळी आली. बाहेरच्या एका कंपनीनं आतड्यांचे फोटो काढण्यासाठी बनवलेली मऊ नळी, टोकाशी फुगा. गुदद्वारातून आत घालायची, फुगा फुगवायचा म्हणजे वाट बंद होते, मग हळूहळू हवा सोडायची. आतडं फुगलं की सीटीमध्ये त्याची आतली भिंत लख्ख दिसते. गाठ असो, जखम असो, दुर्बीण न घालता कळतं. कंपनीला खोक्यावर छापायचं होतं की ज्यांचं रक्त गोठत नाही अशा रुग्णांनाही ही सुरक्षित आहे. निरोगी कुत्र्यांवर ती तपासून झाली होती, आता तसं एखादं जनावर पाहिजे होतं. संचालकांच्या लक्षात आलं की ते आपल्या केनलमध्येच आहे.

मला वाटलं मॅडम आता छप्पर उडवतील. त्या हो म्हणाल्या.

मी विचारलं, कावून?

"ज्याचं रक्त गोठत नाही ना, त्याच्या पोटात डोकावाले सगळे डॉक्टर भितात," त्या म्हणाल्या. "न डोकावता मरू देतात. नळी त्याच्यासाठीच पाहिजे. धडधाकट माणसाले तर बांबू घातला तरी चालते."

टायरवाल्यालाही त्यांनी स्वतः बसवून सगळं समजावलं. तो म्हणाला, तुम्ही असाल तर करा. मॅडमनी अटी घातल्या. आधी प्लाझ्मा द्यायचा. पहिल्यांदा फुगा न फुगवता बघायचं. आणि त्या स्वतः हजर असल्याशिवाय भुऱ्याला टेबलावर घ्यायचं नाही. संचालकांनी सगळ्यांसमोर मान हलवली.

कंपनीची माणसं ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आली. मॅडम नंदिनी नगरला एका अडलेल्या म्हशीकडे गेल्या होत्या. पाहुण्यांची परतीची गाडी दुपारची, त्यामुळे संचालक घाईला आले. मी त्यांना म्हटलं की प्लाझ्मा अजून बर्फात आहे, तो वितळायलाच वेळ लागेल, आणि मॅडमशिवाय मी मशीन चालवणार नाही. ते म्हणाले, दहा मिनिटांचं काम, आणि मशीन चालवायला त्यांचा माणूस आहे. मला खोलीबाहेर काढलं. मी फाटकाशी जाऊन मॅडमना फोन लावत राहिलो. त्यांचे दोन्ही हात म्हशीत होते. फोन त्यांनी उचलला तेव्हा खोलीत सगळं उरकलं होतं.

आणि काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. भुऱ्या गुंगीतून उठला, टेबलावरून उतरला, शेपटी हलवली. फोटो फार सुंदर आले. आतड्याची घडी न् घडी दिसत होती. पाहुण्यांनी हस्तांदोलन केलं, 'कोई तकलीफ़ नहीं' असं लिहून घेतलं आणि जेवायला गेले. या रोगात रक्त असंच वाहतं. लगेच नाही, आणि बाहेरही नाही. फुग्यानं जिथे आतड्याच्या भिंतीला दाब दिला तिथे आत, थरांच्या मधे, ते साचायला लागलं होतं.

मॅडम आल्या तेव्हा हाताला म्हशीचं रक्त तसंच होतं. त्यांनी सरळ केनलमध्ये जाऊन भुऱ्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडत होत्या. पोट दाबल्यावर तो कण्हला. मॅडमनी प्लाझ्मा कोमट पाण्यात धरला, सुई लावली, दोन कुत्र्यांचं रक्त काढून त्याला दिलं. यातलं एकही काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. सकाळी भुऱ्या मेला.

टायरवाल्याला बोलावलं. संचालकांनी सांगितलं होतं की जुन्या आजारानं गेला म्हणावं. तो अंड्यांची पिशवी घेऊनच आला होता, रविवार नव्हता तरी. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इन लोगों ने मारा. और हाँ मैंने बोला था, तो मैंने भी."

तो बराच वेळ भुऱ्याजवळ बसला. मग त्यानं विचारलं, नेऊ का? मॅडम म्हणाल्या, आधी मला त्याचं पोट उघडू दे, नाहीतर हे लोक उद्या काहीही लिहितील. त्यानं मान हलवली. नंतर त्यानं त्याला मोपेडवरून नेलं, आणला होता तसाच, पुढ्यात घेऊन.

अहवाल आला. त्यात भुऱ्या नव्हता. म्हणजे शेवटी एक ओळ होती, की एका जनावराला आधीपासून रक्ताचा विकार असल्यानं ते निष्कर्षातून वगळलं आहे. बाकी सगळी कुत्री निरोगी, सगळी ठणठणीत, सबब नळी सर्वांना सुरक्षित. मॅडमनी ते वाचून कागद माझ्या हातात दिला. त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"ज्या रोगासाठी त्याले घेतलं, त्याच रोगासाठी त्याले काढलं," त्या म्हणाल्या. "पायलं तू? लाज पण नाही वाटत."

जनावरांवरचे प्रयोग नीट होतात की नाही हे बघायला एक समिती असते. तिच्यात शास्त्रज्ञांखेरीज बाहेरचं एक माणूस घ्यावं लागतं. आमच्या समितीत सेक्टर ६ मधल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वर्षानुवर्षं त्या येत, चहा घेत आणि सही करून जात. त्या दिवशीही टेबलावर चहा, कचोरी, आणि सहीसाठी अहवाल होता. मॅडम उशिरा आत आल्या. हातात काचेची बरणी, आत औषधी पाण्यात ठेवलेला भुऱ्याच्या आतड्याचा तुकडा. एका बाजूला भिंत जांभळी-काळी, फुगून मुठीएवढी झालेली. त्यांनी ती बरणी कचोरीच्या ताटाशेजारी ठेवली.

"रिपोर्ट से हटा दिया ना?" त्या म्हणाल्या. "अब इसको टेबल से हटा के दिखाओ."

कोणी हात लावला नाही. संचालक म्हणाले, मॅडम भावनेच्या भरात आहेत. एक सदस्य म्हणाले, एका कुत्र्यावरून काय सिद्ध होतं? मॅडम म्हणाल्या की बाकीच्यांचं रक्त गोठत होतं, त्यांच्याबद्दल विचारलंच कोणी होतं? आणि मग त्या ओरडल्या. दाराबाहेर आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. वितळवायला वेळ नव्हता तो प्लाझ्मा, दहा मिनिटं, पाहुण्यांची गाडी, सगळं. मध्येच त्यांचा आवाज फाटला तरी थांबल्या नाहीत.

त्या थांबल्या तेव्हा मुख्याध्यापिकांनी चहाचा कप बाजूला केला. बरणी स्वतःकडे ओढून नीट पाहिली. मग संचालकांना विचारलं, "यह देखने के बाद भी डिब्बे पर वही लिखेंगे?"

संचालक काहीतरी लांबलचक बोलले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग मी सही करत नाही. एकानं पेन खाली ठेवलं की बाकीच्यांना उचलणं जड जातं. अहवाल परत गेला आणि भुऱ्याला आत घेऊन नव्यानं लिहावा लागला. कंपनीनं पुढचं काम दुसरीकडे नेलं. मॅडमचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं वयाचं. नंतर तो हार आणि तो नारळ.

मीही ती नोकरी सोडली. आता एका इस्पितळात सीटीवर आहे. मॅडमनी सुपेल्याला एका गाळ्यात दवाखाना टाकला. बाहेर बाकडं, आत टेबल, दिवसभर गाई-बकऱ्या-कुत्री आणि त्यांच्या मालकांना शिव्या. मालक तरीही येतात.

मागच्या वर्षी आमच्याकडे नळ्यांचे नवे खोके आले. तीच नळी, नाव बदललेलं. मी आतला कागद उलगडला. बारीक अक्षरात छापलं होतं, की रक्त गोठण्याचा विकार असलेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत फुगा फुगवू नये. प्राण्यांवरील चाचणीत आतड्याच्या भिंतीत रक्तस्राव आढळला आहे. मी ते तिथेच उभ्यानं पुन्हा वाचलं. कामावरून सुटल्यावर तडक सुपेल्याला गेलो. वाटलं, मॅडमना आता तरी बरं वाटेल.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. चेहरा हलला नाही.

"आढळला आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "जसा काही रस्त्यात सापडला. आणि हे मुंगीएवढं अक्षर वाचन कोण?"

मी म्हटलं, पण लिहिलं तर गेलं, मॅडम.

"तुमी पेशंटले विचारता का, गोळी घेते का म्हणून?"

मी म्हटलं, फॉर्मवर चौकट आहे, काउंटरवाले भरून पाठवतात.

"म्हणजे नाही विचारत." कागद त्यांनी माझ्या खिशात कोंबला आणि बाकड्यावरच्या बकरीवाल्याला आत ये म्हणून ओरडल्या. माझ्याकडे परत पाहिलं नाही. चहाचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आले, प्लांटमधून निवृत्त झालेले. फॉर्मवर चौकट कोरी. मी विचारलं, बाबूजी, खून पतला करने की गोली लेते हो? ते म्हणाले, हो, हृदयासाठी, रोज. मी फुग्याची पिचकारी बाजूला ठेवली. काचेपलीकडून डॉक्टर माइकवर म्हणाले, काय चाललंय, बाहेर रांग लागली आहे, फुगवा आणि मोकळे व्हा. मी सांगितलं, फुगवता येणार नाही. ते म्हणाले, सगळ्यांना फुगवतो आपण, दोन मिनिटांचं काम आहे.

"नहीं फुलाऊँगा," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या रांगेतलं बोलणं थांबलं आणि म्हाताऱ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

फुग्याशिवाय नळी हातानं धरून ठेवली आणि हवा थोडी थोडी सोडली. वेळ लागला. डॉक्टर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. फोटो जरा कमी स्वच्छ आला. जे दिसायला पाहिजे होतं, ते दिसलं.